सगळे एकाच फोल्डरात

शुक्रवार, ५

ही वही घेऊन अकरा दिवस झाले. रोज ठरवायचो, आज लिहायचं, आणि रोज काहीतरी आडवं यायचं. एक दिवस पेन नव्हतं. एक दिवस पेन होतं, पण वही ताईच्या पर्समध्ये गेली होती. त्यानंतरचे चार दिवस खाली सायकलवाल्याकडं वाकडं चाक सरळ कसं करतात ते बघण्यात गेले. एकेक तार पाव फेरा पिळायची. घाई केली की चाक दुसरीकडून वाकतं. उरलेल्या दिवसांना कारण नाही. आळस.

आज लिहितोय कारण काकांनी विचारलं, "काय हलवलं, कुठं ठेवलं, ते लिहून ठेवतोस ना रे?" आणि मी बिनदिक्कत "हो" म्हणून बसलो. आता ते खरं करणं आलं.

तर पहिल्यापासून. मी ताईच्या ऑफिसात लागलोय. ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक मोठी खोली आणि काचेची एक केबिन. केबिनमध्ये मालक, म्हणजे बाई. दारापाशी फोन घेणारी माझी सख्खी ताई. खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात काका. ते कुणाचे काका हे कुणालाच माहीत नाही, पण सगळे तेच म्हणतात. आणि आता मी. कॉलेज दीड वर्षात सुटलं, त्यानंतर सहा ठिकाणी सहा कामं केली. छापखान्यात असताना तिथल्या ऑपरेटरनं प्रोग्रॅम लिहायला शिकवलं, बाकी व्हिडिओ बघून. ताईनं बाईंना काय सांगितलं देव जाणे.

काम असं. काकांनी वीस वर्षांपूर्वी एका बेकरीसाठी प्रोग्रॅम लिहिला. भट्टीत किती ट्रे जायचे, कुठल्या गाडीत किती क्रेट, कुणाला किती पाव, सगळं तो सांगतो. अजून चालतो. पण त्यातले एकशे ब्याऐंशी क्लास एकाच फोल्डरात आहेत. एक क्लास म्हणजे एका कामाचं एक पान म्हणा. काकांनी नावंही साधी ठेवलीत: ट्रे, कणीक, गिऱ्हाईक, रवानगी. पॅकेजेस, म्हणजे कप्पे, नाहीतच, सगळी जत्रा एका मैदानात. बाईंचं म्हणणं, महिनाअखेरपर्यंत ते कामावारी लावायचं, म्हणजे उद्या नवा माणूस आला तरी त्याला कळेल.

"कर," काका म्हणाले. "बाई बरोबर बोलते. आधी वाच सगळं."

मग मी मोठ्यानं वाचतो आणि ते डोळे मिटून ऐकतात. बहुतेक माझी परीक्षा घेतायत.

सोमवार, ८

आज आपटलो.

भट्टीचे सगळे क्लास उचलले, 'भट्टी' नावाच्या पॅकेजमध्ये टाकले, प्रत्येकाच्या डोक्यावर ते नाव लिहिलं आणि प्रोग्रॅम बांधायला, म्हणजे सगळे क्लास जोडून चालता करायला घेतला. चारशे बारा चुका! मला आधी वाटलं कुणीतरी चेष्टा केली.

काकांना सांगितलं तर ते हसले. "अरे प्रवासी, बिननावाच्या फोल्डरातल्याला बाहेरून हाक मारता येत नाही. ज्यांना तू बाहेर काढलंस, त्यांनी मागं राहिलेल्यांना बोलवायचं कुठल्या पत्त्यावर?"

"मग?"

"मग अर्धवट चालत नाही. निघायचं तर सगळ्यांनी निघायचं."

ते मला प्रवासी म्हणतात. ताई म्हणते हे कौतुक नाही. मला आवडतं.

काकांच्या स्क्रीनवर अक्षरं एवढी मोठी असतात की एका वेळी चार ओळी मावतात. त्याही ते समोरून बघत नाहीत, मान कलती करून बघतात, कोंबडी दाण्याकडं बघते तशी. प्रत्येकाची एक लकब असते. छापखान्यातला ऑपरेटर कागदाचा वास घ्यायचा.

मंगळवार, ९

सकाळी लवकर आलो होतो, हात शिवशिवत होते, म्हणून माझं टेबल ओढून खिडकीशी नेलं. इथून सायकलवाला दिसतो. वाटेत यायला लागलं म्हणून काकांची खुर्चीही जरा सरकवली. दोन वितीही नसेल.

काका आले, बसायला गेले आणि गुडघा टेबलावर आपटला. असा आवाज की ताई फोन सोडून धावली.

"इथलं काय हलवलंस?" काका ओरडले. वीस दिवसांत पहिल्यांदा.

"उजेडासाठी हो, काका. तुमचा कोपरा किती अंधारा आहे बघा तरी."

ते गुडघा चोळत राहिले. ताईनं सगळं होतं तिथं नेऊन ठेवलं आणि मला नुसत्या नजरेनं सांगितलं की गप्प बस. मी बसलो. पण मनात म्हटलं, म्हातारी माणसं खुर्चीच्या बाबतीत फार हट्टी. आणखी एक, चहा ओततानाही ते कपाच्या काठावर आतून बोट धरतात. मी आता माझा चहा माझा मी ओतून घेतो.

शुक्रवार, १२

गाडी रुळावर आली. पाच पॅकेजेस केली: भट्टी, गाडी, गिऱ्हाईक, कोठार, कागद. एकशे ब्याऐंशी मंडळी आपापल्या घरी गेली. एक 'रवानगी' तेवढी नक्की कुठली ते कळेना; ती भट्टीतून माल घेते आणि गाडीला देते. थोडा वेळ खिडकीबाहेर बघून तिला भट्टीत टाकली.

आता दुसऱ्या पॅकेजातला क्लास वापरायचा तर पानाच्या डोक्यावर इम्पोर्टची ओळ लागते: अमुक पॅकेजातला तमुक द्या. पंधरा क्लास हवे तर पंधरा ओळी. पण एक सोय आहे. 'गाडी' लिहायचं, टिंब द्यायचं आणि एक चांदणी काढायची, की गाडीतले सगळे हजर. एका ओळीत काम. मी सगळीकडं चांदण्या लावून टाकल्या.

परवा काकांना एक पान वाचून दाखवलं तर तोंड वाकडं केलं. "चांदणी नको. ज्याला बोलवायचं त्याला नाव घेऊन बोलाव."

"का पण? चालतंय की."

"वाचताना मला कळायला नको, कोण कुठून आलं?"

"वर-खाली बघितलं की कळतं."

"हो," काका म्हणाले. "बघितलं की कळतं." आणि विषय संपला. मी चांदण्या तशाच ठेवल्या. दीडशे पानं हातानं कोण बदलणार!

आज एक सुधारणा मात्र माझ्या डोक्यातून केली. काकांचे दोन क्लास आहेत, 'पूर्णांक' आणि 'पूर्णांक-दोन'. पहिला, अपूर्णांक आला की, आकडा खाली घेतो, कारण अर्धा भरलेला ट्रे भट्टीत घालायचा नाही. दुसरा वर घेतो, कारण तीन पाव उरले तरी त्यांना क्रेट लागतोच. एका फोल्डरात एका नावाचे दोघं राहू शकत नाहीत म्हणून बिचाऱ्याला ते 'दोन' चिकटलं होतं. आता दोघांची घरं वेगळी. मी गाडीतल्याचं शेपूट कापून टाकलं, जिथं जिथं 'पूर्णांक-दोन' होतं तिथं नुसतं 'पूर्णांक' केलं. एक चूक आली नाही. काका आज डॉक्टरकडं गेले होते, नाहीतर दाखवलं असतं.

बुधवार, १७

सगळं बांधून तयार. चुका शून्य. बाईंनी केबिनबाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. ताईनं सगळ्यांना चहा सांगितला, जसं काही माझं लग्न ठरलंय.

दार बंद होताना बाई ताईला म्हणाल्या ते कानावर पडलं: "आता काकांशी बोलायला हरकत नाही." काका शिकवतात फार छान, त्याबद्दल काहीतरी असेल. सत्कार वगैरे.

शुक्रवार, १९

सकाळी सातला घरी ताईचा फोन खणखणला. बेकरीचा मुकादम. त्याचा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला.

नवा प्रोग्रॅम आज पहिल्यांदा चालला. मोठ्या गिऱ्हाइकांकडं थोडे थोडे पाव कमी गेले, ते एक वेळ चालून जातं. पण ज्यांना एका क्रेटपेक्षा कमी लागतं अशा आठ ठिकाणी एकही पाव पोचला नाही. त्यांत एक वृद्धाश्रम. तिथल्या चोवीस जणांनी सकाळी नुसता चहा घेतला. मुकादमानं मग स्वतः स्कूटरवर पिशवी टांगून नेऊन दिली.

जुना प्रोग्रॅम परत लावला. मी दिवसभर पानं चाळली. चूक सापडेना. चूक असती तर बांधतानाच ओरड झाली असती ना! कुणी ओरडत नाही आणि पाव मात्र जात नाहीत.

काका नाहीत. कालपासून येत नाहीत. ताईला विचारलं तर म्हणाली, "बाईंनी त्यांना सांगितलं, तीस तारखेनंतर विश्रांती घ्या म्हणून."

"विश्रांती? म्हणजे काढलं?"

"काढलं नाही रे. पण तू सगळं लावून दिलंस ना आता. मग त्यांचं काय काम उरलं?"

मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव नव्हती.

शनिवार, २०

छापलेली पानं बगलेत मारून काकांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. ठेंगण्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. "चपला उजवीकडं, भिंतीला लागून काढ हं. मधे नको," त्या म्हणाल्या.

काका खुर्चीत बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "प्रवासी, पाव कुठं पाडलेस?" मुकादमानं त्यांनाही फोन केला होता.

"रवानगीत गडबड आहे, पण दिसत नाही, काका."

"वाच."

"पॅकेज भट्टी. इम्पोर्ट गाडी, टिंब, चांदणी..."

"थांब. त्या चांदणीत कोण कोण आहे?"

"सगळे."

"सगळ्यांना नावं नाहीत?"

मी नावं घ्यायला लागलो. क्रेट, चालक, मार्ग, पूर्णांक... तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "गाडीत पूर्णांक-दोन आहे ना? पूर्णांक भट्टीचा."

मी सांगितलं, मीच शेपूट कापलं. काका हसायला लागले. कितीतरी वेळ हसत होते. मग म्हणाले, "रवानगी तू भट्टीत ठेवलीस. तिनं 'पूर्णांक' म्हणून हाक मारली. चांदणीतून येणारा परका. घरातलाच एक पूर्णांक शेजारी उभा असताना ती परक्याकडं कशाला जाईल? घरचा आला. तो खाली घेणारा. एका क्रेटला कमी पडलं की शून्य."

"मग ओरड का नाही झाली?"

"कशाची ओरड? हाक मारली, माणूस आला. नाव घेऊन बोलावला असतास, गाडीतला पूर्णांक द्या म्हणून, तर घरच्याला बाजूला सारून तोच आला असता."

मी पान पुढं केलं. "ही ओळ ना? ही बघा." काकांनी हात पुढं केला. तो कागदाच्या शेजारून गेला, पुन्हा आला, पुन्हा चुकला. मी कागद धरून उभा. काकू बाहेर आल्या, त्यांचा हात धरून कागदावर टेकवला आणि आत गेल्या, जणू काही झालंच नाही.

मग मला सगळं एकदम कळलं, आणि खुर्ची आठवून कान तापले.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"चार. कडेकडेचं दिसतं अजून. मधलं गेलंय. तुझ्याकडं बघितलं की तू नसतोस, खिडकीकडं बघितलं की असतोस."

"बाईंना माहीत आहे?"

"तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

म्हणून या चार वर्षांत तो एकच फोल्डर तसाच राहू दिला. नाव आठवलं की झालं, कुठं आहे ते शोधावं लागत नाही. आणि तरी मला "कर" म्हणाले.

काकूंना क्लासची नावं कशी पाठ, हे विचारायचं राहून गेलं. घरात कानावर पडत असतील.

सोमवार, २२

बाईंच्या केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. सांगितलं, काकांना दिसत नाही.

"जिन्यात रोज त्यांच्यापुढं चालते मी," बाई म्हणाल्या, "ते काय पाय मोकळे करायला?"

"माहीत आहे तर घरी का पाठवताय? चूक त्यांनीच शोधली. न बघता!"

"तू वाचलंस म्हणून. आता प्रोग्रॅम रोज बदलणार. त्यांच्या डोक्यात आहे तो जुना. नवा त्यांच्या कानात कोण घालणार?"

"मी."

"कधीपर्यंत?"

मी टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागलो.

"सहा ठिकाणी सहा कामं. ताईनंच सांगितलंय, तेही कौतुकानं. तू उद्या उठून गेलास की त्यांना दुसऱ्यांदा घरी बसवायची वेळ माझ्यावर येणार. एकदा बोलले, तेवढं पुरे झालं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांना ठेवायला मी एका पायावर तयार आहे. पण रोज वाचणारं माणूस पाहिजे, आणि टिकणारं. तीस तारखेच्या आत दाखव."

बाहेर आलो तर ताई म्हणाली, "तोंड असं का लांब?" मी म्हटलं, उंच झालोय.

बुधवार, २४

तीन दिवस चांदण्या खुडतोय. एकेका पानाचे इम्पोर्ट नावानिशी लिहितोय. पूर्णांकाला त्याचं 'दोन' परत दिलं. रवानगी गाडीत गेली. हे करताना मोठ्यानं वाचून बघतो, ऐकणाऱ्याला कळेल का म्हणून. गंमत म्हणजे मलाच पहिल्यांदा कळतंय, कोण कुणावर अवलंबून आहे. सायकलवाला वर येऊन विचारून गेला, "कुणाची हजेरी घेताय का?"

दुपारी लंबूचा फोन. लंबू माझा छापखान्यातला दोस्त. त्यानं ट्रक घेतलाय, प्रदर्शनांचे मंडप गावोगाव न्यायला. पहिल्या तारखेला निघतोय, शेजारची सीट माझी म्हणाला. चार महिने, बारा शहरं. मी "कळवतो" म्हटलं. "कळवतो?" तो म्हणाला, "तू? आजारी आहेस का?"

शुक्रवार, २६

नवा प्रोग्रॅम आज पुन्हा चालला. मुकादमाचा फोन नाही, म्हणजे सगळं पोचलं.

संध्याकाळी काकांकडं गेलो. बाईंची अट सांगितली. एक वर्ष थांबतो असं लिहून देणार आहे, हेही सांगितलं. ट्रकचं सांगायचं नव्हतं, पण तेही तोंडातून निघालं. माझ्या तोंडाला झाकण नाही.

काका म्हणाले, "माझ्यापायी थांबायचं नाही. कामात जीव रमला तर थांब. माझी कीव आली म्हणून थांबलास तर तीन महिन्यांत माझा राग येईल तुला, आणि तो मला ऐकू येईल."

"तुम्ही घरी बसून काय करणार पण?"

"ते मला विचारू नकोस," ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले. म्हणजे माझ्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. एखादं दुकान भर दिवसा बंद असावं तसा.

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाई नेमकं काय म्हणाल्या रे? वाचणारं माणूस प्रोग्रॅम लिहिणारंच पाहिजे का?"

"तसं नाही म्हणाल्या. रोज येणारं हवं, टिकणारं हवं."

"टिकणारं," काकू म्हणाल्या, आणि काकांकडं बघून हसल्या. "अडतीस वर्षं झाली." लग्नाला असतील. हे मधेच कुठून काढलं कळलं नाही. वय झालं की माणसं विषय बदलतात.

त्यांनी मला त्या इम्पोर्टच्या पानांची एक प्रत ठेवून जायला सांगितली. काकांना हात लावून बघायला हवी असेल.

सोमवार, २९

उद्या शेवटचा दिवस. सकाळपासून बाईंना द्यायचा कागद लिहितोय. 'मी एक वर्ष' इथवर छान येतं. पुढं क्रियापद आलं की पेन थांबतं. राहीन? राहायचा प्रयत्न करीन? चार कागद फाडले. काम आवडतंय, हे खरं. आज पहाटे जाग आली तीही 'कोठार' पॅकेज दोन भागांत विभागावं का, या विचारानं. पण ट्रकची ती सीटही डोळ्यासमोर येते, खिडकीची काच खाली केलेली. दोन्ही खरं आहे. यांतलं एक निवडलं की दुसरं खोटं होतं, अशा भ्रमात मी सहा वेळा नोकरी सोडली.

काकांचा कोपरा रिकामा आहे. खुर्चीला मी हात लावलेला नाही, आणि सायकलवाल्याचं पोरगं बसायला आलं तर त्यालाही लावू दिला नाही.

पाचवा कागद. 'मी एक वर्ष र'

ताई दारातून हाका मारतेय. खाली काकू आल्यात म्हणे. एकट्याच, काका नाहीत बरोबर. मी विचारलं, डबा घेऊन आल्यात का? ताई म्हणते, "डबा कसला, बगलेत तुझी ती पानं आहेत, आणि जिन्यात उभ्या राहून चष्मा पुसतायत. म्हणतायत, बाईंना सांगा, वाचायला माणूस आलंय."